बुडबुड्यांची वही

स्टूल कुणीतरी खाली केलं होतं. फार नाही, दोन बोटं. पण वीस वर्षं एकाच उंचीवर बसणाऱ्या माणसाला दोन बोटं म्हणजे काय थोडी झाली? सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी प्रयोगशाळेत आली, पर्स खुंटीला अडकवली, मशीनचं झाकण ओल्या फडक्यानं पुसलं आणि बसायला गेली ती दचकलीच. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसं झालं. कोपर टेबलावर टेकायच्या ऐवजी कडेवर आपटलं. तिनं आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी हसत तर नाही ना, आणि मग वाकून स्टुलाचा खटका तपासला. खटका ठणठणीत होता. म्हणजे स्टूल आपोआप खचलं नव्हतं. कुणीतरी आपल्या सोयीनं खाली केलं होतं आणि परत वर करायची तसदीही घेतली नव्हती. हे जास्त लागलं. अहो, चोरून बसायचं तर निदान चोरासारखं बसावं की नाही माणसानं!

तसं बघायला गेलं तर स्टूलच काय, मशीनसुद्धा तिचं नव्हतं. पाच बिऱ्हाडांत एक नळ असावा तसं ते पाच विभागांत मिळून एक होतं आणि ती त्या नळावरची राखणदार. सोन्याचा पातळ मुलामा दिलेली नखाएवढी काच आत बसवायची, तिच्यावर एक जातीचे रेणू चिकटवायचे, आणि दुसऱ्या जातीचे खाऱ्या पाण्यात मिसळून केसाएवढ्या नळीतून वरून वाहू द्यायचे. दुसऱ्यांनी पहिल्यांना धरलं की पडद्यावरची रेघ वर चढते. मग नुसतं पाणी सोडायचं. धरलेले हात सुटायला लागले की रेघ उतरते. कोण कुणाला धरतं आणि किती वेळ धरून ठेवतं, एवढंच ते मशीन सांगतं. तिचा नवरा चारचौघांत सांगायचा, "आमची ही लग्नं जुळवते. घटस्फोटाची तारीखसुद्धा देते." चारचौघं हसायची. तीही हसायची, दर वेळी, कारण न हसावं तर तो विनोद समजावून सांगायला लागायचा.

या कामात खरा वैरी एकच, हवेचा बुडबुडा. टाचणीच्या डोक्याएवढी हवा नळीत शिरली की रेघ टुणकन उसळते आणि नवखा संशोधक जागच्या जागी नाचायला लागतो, चिकटलं, चिकटलं! असे किती नाच तिनं थांबवले असतील त्याला गणती नाही. मशीनशेजारी एक लांबट वही असायची. एखादा रन, म्हणजे मशीनवरची एक चाचणी, बाद झाला की ती तारखेसमोर एकच अक्षर काढायची, 'बु'. त्यावर अपील नव्हतं. काळ्या दगडावरची रेघ! मोठमोठे प्राध्यापक तिच्या दारात उभे राहून विचारायचे, "बाई, खरंच बुडबुडा का हो?" आणि तिनं मान हलवली की निमूट निघून जायचे. पोरं तिला पाठीमागं बुडबुडेबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बी.एस्सी.वर शिक्षण थांबलेल्या बाईला पाच विभागांनी दिलेली ही पदवी होती, आणि ती तिनं मिरवली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं.

आता मशीन बदलणार होतं. म्हणजे सांगाडा तोच, पण आतला प्रकाशाचा भाग, पंप, संगणक सगळं नवं. साहेब, म्हणजे या सामाईक प्रयोगशाळेचे प्रमुख, तिच्याहून आठ वर्षांनी लहान आणि बोलायला लोण्यासारखे मऊ, गेला महिनाभर म्हणत होते, "बाई, तुमचा त्रास वाचेल. नवं मशीन बुडबुडा स्वतःच ओळखतं." वाचेल म्हणे त्रास! ज्या त्रासावर माणूस उभा आहे तो वाचला की माणूस कुठे उभा राहतो, हे साहेबांना विचारावं असं तिच्या फार मनात आलं होतं. पण कानामागून आली आणि तिखट झाली अशी वस्तू माणूसच असते असं नाही, यंत्रही असू शकतं, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली होती. आणि शुक्रवारी ती दाढ काढायला म्हणून रजेवर होती, नेमक्या त्याच दिवशी कुणीतरी येऊन तिच्या स्टुलावर बसून गेलं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ? वीस वर्षांत तिनं सतरा रजा घेतल्या असतील नसतील. सतरातली एक त्यांना बरोबर सापडली.

स्टुलाचा उलगडा दहा वाजताच झाला. कंपनीची इंजिनिअर दारात उभी राहिली. पन्नाशीची, बुटकी, गोल, चष्म्याला दोरी, हातात बिस्किटाचा पुडा. "शुक्रवारी तुमच्या गादीवर मीच बसले होते बरं का," ती आल्या आल्या म्हणाली. "उंची बघा माझी, पाय लोंबकळायला लागले. रागावला नाहीत ना?" छे हो, रागवायचं काय त्यात, असं ती म्हणाली आणि मनात अजून एक गाठ मारली. इतक्या मोकळेपणानं कबूल करणारं माणूस तिला नेहमीच जास्त धोक्याचं वाटायचं. बिस्किट तिनं घेतलं नाही. दाढेचं कारण होतंच. मग इंजिनिअरनं संगणकावर एक यादी उघडली. वीस वर्षांत बाद केलेले सगळे रन. चारशे बारा.

"हे तर मी पुसून टाकलेले," ती म्हणाली.

"पुसत काहीच नाही हो बाई. तुम्ही बाद म्हणालात की मशीन ते यादीतून लपवतं, एवढंच. डिस्कवर सगळं असतं." इंजिनिअरनं बिस्किटाचा चुरा झटकला. "आता असं आहे, नवं आणि जुनं मशीन सारखंच बोलतं का ते ताडून बघायचं. त्यासाठी जुना सगळा इतिहास नव्यात न्यायचा, बाद केलेल्यासकट. मात्र प्रत्येक बाद रनला कारण लागतं. तीनच कारणं आहेत. बुडबुडा, खराब नमुना, माणसाची चूक. एक निवडायचं. पुढच्या सोमवारपर्यंत."

"आणि रकाना रिकामा राहिला तर?"

"तर तो रन नव्यात जात नाही. जुनी डिस्क सोमवारी संध्याकाळी कोरी करायची, तिच्याबरोबर तो गेला."

"आणि नव्यात गेले ते कोण बघणार?"

"ज्याला बघायचं तो. पाचही विभागांना उघडं राहणार सगळं."

"कुणी मागितलंय हे?" तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

इंजिनिअरनं पुड्यातून आणखी एक बिस्किट काढलं. "कुणी कशाला मागेल? फॉर्मच तसा आहे."

फॉर्मच तसा आहे! जगातली सगळी कारस्थानं फॉर्मच्याच आड लपलेली असतात, हे या बाईला माहीत नसेल असं थोडंच आहे. दुपारी जेवणाचा डबा उघडून ती बसली, पण घास तोंडातच फिरत राहिला. मनात पाल चुकचुकली होती. तसं घाबरण्यासारखं काय होतं? चारशे बारा म्हणजे वर्षाला वीस. काहीच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण ती चोर नव्हती. उलट चोर पकडणारी होती. तरीही चारशे बारापैकी एक रन कुठला, कुठल्या वर्षाच्या कुठल्या महिन्याचा, हे तिला यादी न बघता सांगता आलं असतं. त्या रनचं नाव तिनं मनातसुद्धा घेतलं नाही. डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि सहज म्हणून नव्या बुकिंगचं पान उघडून बघितलं. अपग्रेडनंतर मशीन बाहेरच्या कॉलेजांनाही खुलं होणार होतं. बाहेरून पहिलंच बुकिंग आलेलं होतं. कॉलेजचं नाव वाचून तिचे कान तापले. ते तिच्या धाकट्या भावाचं कॉलेज होतं. पुढे लिहिलं होतं, नमुने दोन. बास, एवढंच.

भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती बी.एस्सी. झाली होती आणि तो शाळेत होता. पुढे कुणी शिकायचं हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. विचारावा लागत नाही, तो आपोआप सुटतो. ती नोकरीला लागली, पुढे या मशीनवर आली, आणि तो शिकला. आणि योग असा की संशोधन करायला तो याच इमारतीत आला, खालच्या मजल्यावर, आणि नमुने घेऊन वर ताईच्या मशीनकडे यायला लागला. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक प्रथिन दुसऱ्याला धरतं असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते प्रथिन बनवायलाच त्याला आठ महिने लागले होते. कष्टानं एका रनपुरतं निघालं. तो रन बाद झाला. वहीत 'बु' पडला. उरलेल्या थेंबभरानं पुढच्या आठवड्यात पुन्हा बघितलं तर काहीच आलं नाही, पण तोवर नमुना शिळा झाला होता, त्यावरून काय ठरणार! त्याच्या गाइडनं वही बघितली, म्हणाले, विषय बदला. त्यानं विषय बदलला नाही, इमारत बदलली. आता तो गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजात शिकवतो, दरवर्षी तेच शिकवतो आणि तपासायचे गठ्ठे घरी आणतो. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. वाढदिवसाला फोन, आजारपणाला फोन, आणि दोन्ही घरांत त्या रनबद्दल चकार शब्द नाही.

संध्याकाळी घरी आली तर नवरा गॅलरीत फोनवर होता. "नाही, नाही, तिला आत्ता नको सांगूस," तो म्हणत होता. "आधी तिकडून मंजूर होऊ दे." तिची चाहूल लागली तसा त्यानं फोन ठेवला आणि कुंडीतलं पिवळं पान तोडायला लागला. कुंडीत एकही पिवळं पान नव्हतं, त्यानं हिरवं तोडलं.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"मेहुणा."

"माझा भाऊ म्हण की."

"तुझा भाऊ तोच माझा मेहुणा. नातं दोन्हीकडून सारखंच आहे, मोजून बघ मशीनवर."

"काय नको सांगूस मला?"

"काही नाही ग. दाढ कशी आहे?"

संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं असावं, कारण त्या रात्री जेवताना तिला सगळं लख्ख दिसलं. भावाला मशीन बदलतंय ते कळलं. डिस्कवर काही पुसलं जात नाही हे त्याला आधीपासून माहीत असणार, हुशार आहे तो. त्यानं साहेबांना गाठलं, साहेबांनी कंपनीला, कंपनीनं ही बिस्किटवाली बाई पाठवली. चौदा वर्षं पोटात ठेवलं आणि आता स्वतःच्या कॉलेजाच्या नावानं बुकिंग करून, दोन नमुने घेऊन, तो येणार आणि पाच विभागांसमोर दाखवणार की बघा, बुडबुडेबाईनं सख्ख्या भावाच्या पानात काय वाढलं. आणि नवरा? घरचा भेदी. भाजीत मीठ कमी आहे असं तो म्हणाला तेव्हा तिनं मिठाचं भांडं त्याच्यासमोर इतक्या जोरात ठेवलं की तो म्हणाला, "बरं बाई, बरोबर आहे मीठ."

मंगळवारपासून ती यादी घेऊन बसली. डोळ्यांत तेल घालून एकेक रन उघडायचा, रेघ बघायची, कारण निवडायचं. बुडबुडा. बुडबुडा. खराब नमुना. बुडबुडा. रेघ टुणकन उसळलेली, तुटलेली, दाते पडल्यासारखी. बघताक्षणी ओळखू यावी. मनाला बरं वाटत होतं. बुधवारी शंभर झाले, गुरुवारी दुपारपर्यंत अडीचशे, आणि एकही चुकीचा निघाला नाही. साहेब डोकावून गेले. "बाई, एवढं बारकाईनं कशाला बघताय? सगळ्यांना बुडबुडा लावून टाका ना. तुम्ही म्हणाल ते खरं." हेसुद्धा तिला सापळ्यासारखंच वाटलं. कुणी विश्वास दाखवला तरी वळून मागे बघायची पाळी आली होती. इंजिनिअर शेजारच्या टेबलावर नव्या पंपाचे स्क्रू आवळत, गुणगुणत बसलेली असायची, आणि हिला वाटायचं, ही गुणगुणते आहे म्हणजे हिचं लक्ष माझ्याकडे आहे.

अलीकडच्या वर्षांकडून मागे मागे ती त्या रनकडे सरकत होती आणि जसजशी सरकत होती तसतसा तो दिवस स्वच्छ होत होता. तिला सगळं आठवत होतं. पावणेतीनची वेळ. बाहेर दोन मुली नमुन्यांचे डबे घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभ्या. भाऊ पडद्यासमोर, त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी झालेली. "ताई, हे बघ ना, ताई!" आणि पडद्यावर हिरवी रेघ, सरळ चालता चालता एकदम उसळलेली, टोकाशी तुटलेली. बुडबुडा. शंभर टक्के. चौदा वर्षं ती रेघ तिनं कितीदा बघितली होती. भाजी चिरताना, दिवा मालवताना, भावाच्या लग्नात अक्षता हातात धरून उभी असताना. दर वेळी उसळलेली, दर वेळी टोकाशी तुटलेली. त्या रेघेवरच तर तिला झोप लागायची.

शुक्रवारी साडेअकराला तिनं तो रन उघडला. तीनशे सातवा. रेघ सरळ चालली होती. मग वर चढली. उसळली नाही, चढली, आधी भरभर, मग सावकाश, डोंगरावर म्हातारं माणूस चढावं तशी. वर जाऊन स्थिरावली. आणि मग नुसतं पाणी सोडल्यावर उतरायला लागली, पण इतकी हळू की उतरते आहे हे पट्टी लावून बघावं लागलं. कुठे दाते नाहीत, कुठे तुटलेली नाही. तिनं तारीख बघितली. वेळ बघितली. दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं. फाइल बंद केली, पुन्हा उघडली. तीच रेघ.

पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती हीच, की फाइल बदललेली आहे. गेल्या शुक्रवारी, त्या स्टुलावर बसून. तिनं हाक मारली. इंजिनिअर स्क्रूड्रायव्हर खिशात खोचत आली.

"ही फाइल कुणी बदलू शकतं?"

"अहो, जुनं मशीन ते. त्यात एकदा लिहिलं ते लिहिलं. बदलायची सोयच नाही, म्हणून तर लोक कुरकुरायचे." इंजिनिअरनं चष्मा दोरीवरून नाकावर चढवला, एक बटण दाबलं. "हे बघा, उघडल्याची नोंद असते. ज्या दिवशी रन झाला त्या दिवशी बाद केलेला. त्यानंतर आज पहिल्यांदा उघडलाय. मधे कुणी नाही." मग ती पडद्याकडे वाकली आणि तिचं गुणगुणणं थांबलं. "हा बाद कशासाठी केलात हो? बुडबुडा तर नाही हा."

"मग काय आहे?"

"एका रनवरून कोण सांगणार! आणखी चार करायला हवे होते. पण दिसतंय छान. फार घट्ट धरलंय कुणीतरी कुणाला." आणि पंपाकडे परत जाता जाता म्हणाली, "खराब नमुना लावून टाका, नाहीतर सोडा रिकामा. एक गेला तर ताडून बघायला काही फरक पडत नाही."

सोडा रिकामा. म्हणजे सोमवारी संध्याकाळी डिस्क कोरी आणि चौदा वर्षांचा हा प्रश्नही कोरा. कुणाला कळणार नव्हतं. भरला तर मात्र पाच विभागांत कुणीही उघडून बघेल, की बुडबुडेबाईंचा 'बु' असाही असतो. आणि मग उरलेल्या चारशे अकरांकडेही लोक तिरक्या नजरेनं बघणार, खरे असले तरी. तिनं तो रकाना सोडून पुढचे सगळे भरले. यादीत एकच पांढरा चौकोन राहिला, आणि काढलेल्या दाढेच्या जागी जीभ जावी तशी तिची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जायला लागली.

शनिवारभर ती घरात वावरली ती स्वतःच्या मागावर असल्यासारखी. भाऊ नाही, साहेब नाहीत, बिस्किटवाली नाही. या सगळ्यांना तिनं एकेक करून सोडून दिलं होतं आणि आता संशय घ्यायला घरात एकच माणूस उरलं होतं. रेघ चढत होती, हे मी बघितलं होतं. बघितलं होतंच, आठवतंय ना सगळं, उलटी कॉलरसुद्धा. मग मी बुडबुडा का म्हटलं? आपण जळलो का त्याच्यावर? आपण बाटल्या भरायच्या आणि याच्या नावानं शोध लागायचा, हे सहन झालं नाही का? तिनं तो दिवस उलटासुलटा करून बघितला, कपाट आवरताना कपड्यांचे खिसे उलटे करून बघतात तसा. मत्सर सापडला नाही. पण नसेल असंही म्हणता येईना. आणि विचित्र गोष्ट अशी की दुपारपर्यंत तिला तो असावा असंच वाटायला लागलं. असला तर निदान त्या एका अक्षराला काही वजन होतं. एवढ्या मोठ्या नुकसानीला एवढंच मोठं कारण हवं. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "अग, दाढ इतकी दुखतेय का?" आणि ती म्हणाली, "मी वाईट आहे का रे?" तो वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "तिखट आहेस. वाईट नाहीस." मग वर्तमानपत्राची घडी घालून म्हणाला, "भावाकडे जाऊन ये उद्या. त्याचं काहीतरी काम आहे तुझ्याकडे, तोच सांगेल."

रविवारी सकाळी ती गेली. तिसरा मजला, दारात मुलांच्या चपला, आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि त्यामागं भाऊ. कानाजवळ केस पांढरे झालेले. हे तिनं फोनवरून कसं बघितलं असणार. "अरे वा, ताई! न कळवता? धाड घातलीस की काय?" तो उठला, खुर्चीवरचे कागद हलवले. भावजय आतून हात पुसत आली, बसा म्हणाली, चहा टाकते म्हणाली. ती बसली. वाटेत बसमध्ये पाठ केलेली वाक्यं एकही आठवेना. म्हणून तिनं उलटीकडून सुरुवात केली.

"तुझ्या कॉलेजाचं बुकिंग बघितलं मी."

"बघितलंस? आणि भाऊजी म्हणत होते मंजूर होईपर्यंत तुला सांगायचं नाही, नाहीतर वशिला लावला म्हणशील." तो हसला. "दोन साधे नमुने आहेत ग, शिकवायचे. पोरांना मशीन दाखवायचंय. खरं म्हणजे मशीन नाही, तुला दाखवायचंय."

"मला?"

"माझ्या दर वर्षीच्या पोरांना तू माहीत आहेस. पहिल्या तासाला गोष्ट सांगतो मी तुझी."

"कुठली गोष्ट?"

"माझ्या रनची. दुसरी कुठली?" लाल पेन बोटांत फिरवत तो बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात कुठे काटा नव्हता. तिनं शोधला, नव्हता. "तुला आठवत नसेल. रेघ चढायला लागली आणि मी ओरडलो, ताई, हे बघ ना! तू तिकडे पाण्याची बाटली बदलत होतीस. पाठ होती तुझी माझ्याकडे. वळलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, बुडबुडा असेल, संपू दे आणि पुढच्या मुलींना लावू दे."

"मी वळले होते," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. तुझी कॉलर उलटी होती."

"कॉलर नंतर, खाली जाताना तूच सरळ केलीस. पडद्याकडे नाही बघितलंस तू. तेच तर पोरांना सांगतो मी! मला आधी राग आला होता, लपवत नाही. जिन्यात बसून राहिलो तासभर, पुढचा रन बघायलाही आलो नाही. पण घरी जाता जाता वाटलं, सहा वर्षं रोज एकच काम करणारं माणूस आहे हे. पंपाच्या आवाजावरून कळत असेल, नळीच्या थरथरण्यावरून कळत असेल. आपल्याला आठ महिन्यांत जे कळलं नाही ते हिला पाठमोरं कळतं. तेव्हाच ठरवलं, हे आपलं काम नाही, आपण आपलं शिकवावं." तो पुन्हा हसला. "पोरांना म्हणतो, काम असं करा की न बघता कळलं पाहिजे, माझ्या ताईसारखं."

तिनं टेबलाची कड धरली. चौदा वर्षं रोज बघितलेली ती हिरवी रेघ, टोकाशी तुटलेली. ती तिनं कुठून आणली होती? मत्सर नव्हता. काहीच नव्हतं. एक बाटली बदलायची होती, दोन मुली खोळंबल्या होत्या. स्वयंपाकघरात चहा उकळल्याचा वास आला. भावानं गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका ओढली आणि सवयीनं पहिल्या पानावर नजर टाकली.

"तो बुडबुडा नव्हता रे," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं डिस्कवर असतं. मी परवा उघडून बघितला. पहिल्यांदाच बघितला."

ती वाट बघत होती, तो ओरडेल, उठून जाईल, भावजयीला हाक मारेल. त्यानं पेनाचं टोपण लावलं, पेन उत्तरपत्रिकांवर ठेवलं, मग उचलून बाजूला ठेवलं. तोंड उघडलं तेव्हा त्याचा आवाज पंचविशीतल्या पोराचा होता.

"सुटायला किती वेळ लागला, ताई?"

"चाळीस मिनिटांचा रन होता," ती म्हणाली. "शेवटपर्यंत सुटलंच नाही."